वाळवंटांतील हागार

(शास्त्रपाठ : उत्पत्ति, अध्याय १६ सर्व, अध्याय २१, वचनें ८ ते २१)



दिवाळी सरली आणि भाताची झोडणी आटोपली, म्हणजे पेण व रोहे तालुक्यांतील डोंगरकडेच्या वाड्या रिकाम्या होऊं लागतात. मुकादम येतो, उचल देतो, आणि थोड्याच दिवसांत नवराबायको भांडीं, गोधड्या, कोंबड्या व लेंकरें टेम्पोंत घालून वीटभट्टीची वाट धरतात. कोणी पनवेल, कल्याण, भिवंडीकडे जातात. कोणी घाट चढून कोळशाच्या भट्ट्यांवर थेट कर्नाटकापर्यंत जातात. पाऊस तोंडावर आला म्हणजे तीं माणसें परत येतात. कातकरी समाजाची ही वहिवाट आपणांस ठाऊक आहे. पण त्या टेम्पोंत मागें बसलेल्या बाईच्या मनांत काय चाललें असेल, ह्याचा विचार आपण कितीदां केला आहे?

तिचें माहेर मागें राहिलें. भट्टीवरचें काम जोडीचें असतें. माती मळणें, विटा थापणें, उलटणें, वाहणें, ह्या सर्वांत तिचा हात पुरुषाच्या बरोबरीनें चालतो, आणि वर चूलही तिचीच. परंतु उचल बहुधा पुरुषाच्या हातीं पडते, आठवड्याची खर्ची पुरुषाच्या हातीं पडते, आणि हंगामाचा हिशेबही पुरुषाच्याच नांवावर होतो. रात्रीं तो पिऊन आला आणि त्यानें हात टाकला, तर तिनें हांक कोणास मारावी? शेजारच्या खोपटांतील माणसें परगांवचीं. मुकादमास विटांशीं काम. आणि मालकाचें म्हणणें असें कीं, उचल फिटल्यावांचून कोणास जातां येणार नाहीं.

जशा बाया येथून जातात, तशाच कांहीं येथें येतातही. डोलवीच्या पोलादाच्या कारखान्याच्या आसपास, तसेंच रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीच्या सभोंवतीं, दूरदूरच्या प्रांतांतून आलेलीं कुटुंबें भाड्याच्या खोल्यांत राहतात. पुरुष पाळीवर जातो. बाई दार लावून बसते. तिची भाषा आपणांस येत नाहीं, आपली तिला येत नाहीं. भिंतीपलीकडून रडणें ऐकूं येतें, तेव्हां आपण म्हणतों, परक्यांच्या घरांतली गोष्ट आहे. शिवाय ज्यांच्या लेकी लग्न होऊन अमेरिकेस किंवा विलायतेस गेल्या, त्यांतही अशा कांहीं आहेत कीं, त्यांचें पारपत्र नवऱ्याच्या कपाटांत असतें आणि त्या देशांतील त्यांचा मुक्काम नवऱ्याच्याच नोकरीवर अवलंबून असतो. ज्याच्या आधारावर आपण तेथें उभ्या आहों, त्याच्याच विरुद्ध तक्रार कोणत्या तोंडानें करावी, असें त्यांस वाटतें.

भट्टीवरची, खोलींतली आणि समुद्रापलीकडची, ह्या तिघींचें नांव पवित्र शास्त्रांत एकच आहे. तें नांव हागार.

पहिली गोष्ट : ती परकी होती

हागार मिसर देशची. अब्राम दुष्काळांत मिसरास गेला होता. तेथें त्यास दासदासी मिळाल्या असें बाराव्या अध्यायांत सांगितलें आहे. त्यांतच ती आली असावी. म्हणजे ती स्वखुशीनें आलेली नव्हती. तिची भाषा निराळी, तिचीं माणसें दूर. सोळाव्या अध्यायांत साराय आणि अब्राम तिच्याविषयीं बोलतात, तें नीट वाचून पाहा. दोघांपैकीं एकही तिचें नांव घेत नाहीं. तिच्या पोटीं मूल हवें आहे, तिच्याकडून काम हवें आहे, परंतु तिचें नांव कोणाच्या तोंडीं नाहीं. मग साराय तिला इतकें जाचते कीं, ती गरोदर बाई वाळवंटांत पळून जाते. आणि अब्राम, ज्यास आपण विश्वासणाऱ्यांचा पिता म्हणतों, तो काय करितो? तुझी दासी तुझ्या हातीं आहे, अशा अर्थाचें बोलून तो बाजूला होतो.

बंधूंनो, घरांत जो मारितो तो एक अपराधी. परंतु जो कर्ता पुरुष असून हात झटकतो, त्याचाही अपराध शास्त्रानें लपविलेला नाहीं.

सासूपणाची जागा असलेल्या भगिनींनींही येथें एक गोष्ट पाहावी. ह्याच साराय बाईस मिसर देशांत तिच्या नवऱ्यानें, आपला जीव वांचावा म्हणून, बहीण म्हणवून परक्या राजाच्या घरांत जाऊं दिलें होतें. परक्या देशांत आधारावांचून असणें म्हणजे काय, हें तिनें स्वतः भोगिलें होतें. तरी तिच्या हातीं सत्ता आली तेव्हां तिनें दुसऱ्या परकीस तेंच भोगावयास लाविलें. जें आपण सोसलें तें सुनेनेंही सोसावें, असें जिला वाटतें, तिनें आपलें दुःख देवापुढें नेलें नाहीं. तें सुनेच्या डोक्यावर ठेविलें.

दुसरी गोष्ट : देवानें तिला पाहिलें

शूरच्या वाटेवर, एका झऱ्यापाशीं, परमेश्वराचा दूत तिला गांठतो. पहिला शब्द तो कोणता बोलतो? तिचें नांव. मग तो दोन प्रश्न करितो : ती कोठून आली, आणि कोठें जात आहे. देव सर्वज्ञ आहे. त्यास हें ठाऊक नव्हतें काय? होतें. तरी त्यानें विचारिलें, कारण तिला आजवर कोणीं विचारिलेंच नव्हतें. मारानें तोंड बंद झालेल्या माणसास आधीं बोलूं द्यावें लागतें.

आणि मग त्या दासीनें असें कांहीं केलें कीं, त्यापूर्वीं शास्त्रांत कोणीं केल्याचें लिहिलेलें नाहीं. तिनें देवास नांव दिलें. तो पाहणारा देव, असें तिनें म्हटलें. आणि त्या विहिरीस लोक जिवंत पाहणाऱ्याची विहीर म्हणूं लागले. ज्या घरांत वेदी होती, तेथें तिच्याकडे कोणाची दृष्टि गेली नाहीं. वाळवंटांत मात्र तिला देव भेटला.

आपल्या देशांत किती हागार आहेत? सन २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, १८ ते ४९ वयाच्या विवाह झालेल्या दर शंभर स्त्रियांपैकीं सुमारें २९ जणींनीं नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक अत्याचार सोसल्याचें सांगितलें. त्याच पाहणींत आणखी एक आंकडा आहे. ज्यांनीं कोणाकडूनही शारीरिक किंवा लैंगिक अत्याचार सोसला, त्यांपैकीं शेंकडा ७७ जणींनीं मदत मागितली नाहीं, आणि कोणापाशीं एक शब्दही काढिला नाहीं. मदत मागणाऱ्या शेंकडा १४ च होत्या. स्वतःच्या गांवांत, माहेर हांकेच्या अंतरावर असतां ही स्थिति. मग जी परमुलखीं आहे तिची काय कथा!

तिसरी गोष्ट : "परत जा" ह्या शब्दाचा अर्थ

आतां मी माझा एक अपराध तुम्हांपुढें सांगतों.

पुष्कळ वर्षांपूर्वीं एका वाडींतील बाई भट्टीवरून पळून माहेरीं आली. पाठीवर वळ होते. तिच्या आईबापांनीं मला बोलाविलें. मी उपदेशक, मी शास्त्र उघडिलें, आणि उघडिलें तें नेमकें हेंच पान. दूतानें हागारेस धनिणीकडे परत जाऊन नम्रतेनें राहावयास सांगितलें, तेंच मी तिला ऐकविलें. दिल्या घरीं सुखी राहा, असा आशीर्वादही दिला. ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं नवरा आला, मीं त्याच्याकडून दारू सोडण्याचें वचन घेतलें, प्रार्थना केली, आणि दोघांस पाठवून दिलें. पावसाळ्यांत ती परत आली, तेव्हां तिचा उजवा हात वांकडा जुळलेला होता. भट्टीवर हाड बसविणारा कोणी मिळाला नव्हता. तिनें मला दोष दिला नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "दादा, तुम्ही देवाचें नांव घेतलें म्हणून मी गेलें."

तेव्हांपासून हा अध्याय मी पुन्हां पुन्हां वाचला आहे, आणि मला जें दिसलें तें माझ्यासारख्या इतर उपदेशकांसाठीं लिहीत आहें.

हागारेस परत जा असें देवानें स्वतः सांगितलें. जो तिच्या पोटांतील मूल पाहत होता, जो तिचें पुढचें सर्व आयुष्य पाहत होता, आणि ज्याच्या हातीं तिचें रक्षण करण्याचें सामर्थ्य होतें, त्यानें सांगितलें, आणि सांगतांना वचनही दिलें. आपण तसे पाहणारे आहों काय? आपल्या हातीं तें सामर्थ्य आहे काय? नसेल तर त्याचा शब्द उसना घेण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला?

पुढें एकविसाव्या अध्यायांत हागार पुन्हां वाळवंटांत आहे. कातड्याच्या पिशवींतलें पाणी संपलें आहे, आणि मुलाचें मरण पाहवत नाहीं म्हणून ती दूर जाऊन बसली आहे. ह्या वेळीं देव तिला परत जा म्हणत नाहीं. तो तिचे डोळे उघडतो आणि तिला विहीर दाखवितो. मुलगा तेथेंच वाढतो, आणि देव त्याच्या बरोबर असतो. जो सोळावा अध्याय वाचून दाखवितो आणि एकविसावा मिटून ठेवितो, तो अर्धें शास्त्र सांगतो.

आणखी पाहा. मोशेच्या नियमशास्त्रांत, अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायांत अशी आज्ञा आहे कीं, धन्यापासून पळून आलेल्या दासास धन्याच्या स्वाधीन करूं नये. त्यास आवडेल त्या गांवीं राहूं द्यावें, आणि त्यास जाचूं नये. सर्व इस्राएलास दिलेला सर्वसाधारण नियम तो हा. विकत घेतलेल्या दासाविषयीं देवाची ही आज्ञा, तर जी लग्नाची बायको आणि प्रभूच्या घरची कन्या आहे, तिच्याविषयीं कमी कशी असेल?

कोणी म्हणेल, प्रेषित पौलानें अनेसिमास फिलेमोनाकडे परत पाठविलें नाहीं काय? पाठविलें खरें, परंतु कसें पाठविलें तें पाहा. आपल्या हातचें पत्र देऊन पाठविलें. ह्यास मीच समजून घे, असें लिहिलें. ह्याचें कांहीं देणें असेल तें माझ्या खात्यावर मांड, असें लिहिलें. आणि शेवटीं, माझ्यासाठीं राहावयाची जागा तयार ठेव, असें लिहिलें. म्हणजे मी येऊन पाहणार आहें, हें फिलेमोनास कळलें. ज्या उपदेशकास एखाद्या बाईस परत पाठवावयाचें असेल, आणि ती स्वतःही जाऊं इच्छीत असेल, त्यानें पौलाप्रमाणें जामीन राहावें. तिची उचल आपल्या खात्यावर मांडून घेण्याची व आठ दिवसांनीं भट्टीवर जाऊन पाहण्याची ज्याची तयारी नाहीं, त्यानें परत जा हा शब्द उच्चारूं नये.

पत्नीनें नवऱ्याच्या अधीन असावें हें इफिसकरांस पाठविलेल्या पत्रांतील वचन मारणाऱ्या पुरुषांस पाठ असतें. परंतु त्याच ठिकाणीं, त्याच्या आधीं, सर्वांनीं एकमेकांच्या अधीन होण्याविषयीं सांगितलें आहे. आणि पतीच्या प्रीतीचें माप म्हणून वधस्तंभ पुढें ठेविला आहे. ज्यानें आपला देह दिला त्याच्या नांवानें दुसऱ्याचा देह फोडणें, हें अधिकाराचें लक्षण नव्हे, ती देवाची निंदा आहे.

चौथी गोष्ट : विहीर दाखविणारी माणसें

आपल्याच जिल्ह्यांत राहून गेलेल्या एका मुलीची गोष्ट आठवते. आनंदीबाई जोशी हिचा जन्म सन १८६५ चा. नवव्या वर्षीं तिचें लग्न गोपाळराव जोशी ह्यांच्याशीं झालें. ते पोस्टखात्यांत होते, आणि कांहीं काळ अलिबागेस बिऱ्हाड होतें. गोपाळरावांनीं तिला शिकविलें, हें जगास ठाऊक आहे. परंतु शिकविणारा हात आणि मारणारा हात एकच होता. पुढें अमेरिकेहून नवऱ्यास लिहिलेल्या पत्रांत तिनें लहानपणीं खाल्लेल्या माराची आठवण स्पष्ट शब्दांनीं दिली आहे. लाकडाच्या तुकड्यांचा मार, अंगावर फेकलेल्या खुर्च्या, आणि टाकून देण्याची धमकी. तें लिहावयास तिला समुद्र ओलांडावा लागला.

गोपाळरावांनीं तिच्या शिक्षणासाठीं एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिलें होतें. तें मिशनच्या मासिकांत छापलें गेलें, आणि संपादकांच्या उत्तरांत मदतीपेक्षां धर्मांतराचीच गोष्ट अधिक होती. परंतु न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंनीं तें मासिक वाचलें, आणि एका अनोळखी मुलीस प्रेमाचें पत्र धाडिलें. सन १८८३ त आनंदीबाई अमेरिकेस उतरली, ती ह्याच बाईंच्या घरीं. तिला ती मावशी म्हणे. सन १८८६ च्या मार्च महिन्यांत ती डॉक्टर झाली, तेव्हां पंडिता रमाबाई त्या समारंभास हजर होत्या. पुढच्याच वर्षीं, सन १८८७ त, ती पुण्यास क्षयानें वारली. वय पुरतें बावीसही नव्हतें. ती अखेरपर्यंत हिंदूच राहिली. कार्पेंटरबाईंनीं आपल्या दारांत तिचा धर्म विचारला नाहीं.

आणि रमाबाई? त्यांनीं सन १८८९ त मुंबईस शारदा सदन उघडिलें, आणि पुढें केडगांवास मुक्ति सदन वसविलें. ज्यांस घर उरलें नव्हतें अशा किती तरी बायामुलींस तेथें पाणी मिळालें. सुमारें शंभर वर्षांनंतर, सन १९८५ मध्यें, त्याच न्यू जर्सी प्रांतांत आपल्या देशाकडच्या बायांनीं "मानवी" नांवाची संस्था काढिली. घरांत मार खाणाऱ्या आणि परदेशांत एकट्या पडलेल्या बायांस आधार देणें हें तिचें काम. एका गांवांत एका बाईनें एक दार उघडिलें, तर देव त्यापुढें किती वाट करितो!

उपयोग

हें ऐकून आपण काय करावें?

पहिलें, कुटुंब बाहेर जाण्यापूर्वीं उपदेशकानें एक वही करावी. भट्टीचें गांव, मुकादमाचें नांव, फोन, जाण्याचा दिवस, हें सर्व तींत लिहावें. बाईचें आधारकार्ड तिच्या स्वतःपाशीं असावें, आणि एक फोन नंबर तिला तोंडपाठ असावा. पेणच्या मातीच्या मूर्ति परदेशीं जातात, तेव्हां कारागीर त्यांस ओरखडा पडूं नये म्हणून किती जपून बांधतात! आणि आपण लेक पाठवितों ती पत्त्याशिवाय. लेकीस निरोप देतांना आईबापांनीं हेंही स्पष्ट सांगावें कीं, हें दार तुला लागलेलें नाहीं.

दुसरें, हंगामांत निदान एकदां तरी भट्टीवर जावें. बरोबर बाई असावी. तिनें त्या बाईस एकटीस, नवऱ्यासमोर नव्हे, तेच दोन प्रश्न विचारावे : कोठून आलीस, आणि कोठें जावेंसें वाटतें? जें ती सांगेल तें वाडीभर करूं नये.

तिसरें, मार लागलेला असेल तर आधीं दवाखाना, मग बोलणें. पंचांची बैठक बसवून, मारणाऱ्यासमोर तिला उभी करून, समेट घडवूं नये. अशी रात्र आली तर कोणाच्या घरांत तिला व तिच्या लेंकरांस जागा आहे, हें मंडळीनें आजच ठरवून ठेवावें.

चौथें, कायदा माहीत असावा. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणारा कायदा सन २००५ चा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलांत आहे. मारहाण, शिवीगाळ, अब्रू घेणें, तसेंच कमाई व पैसा अडवून ठेवणें, ह्या सर्वांस तो हिंसाच म्हणतो. बाई जेथें तात्पुरती राहत असेल, तेथल्या मॅजिस्ट्रेटाकडेही तिला अर्ज करितां येतो. त्यासाठीं गांवीं परतण्याची अट नाहीं. संरक्षण अधिकारी अर्ज लिहिण्यास मदत करितात, आणि स्त्रियांस सरकारी विधि सेवेंतून वकील फुकट मिळतो. तत्काळ संकटांत ११२, व स्त्रियांच्या मदतीसाठीं १८१ हे नंबर आहेत. उचलीसाठीं माणसास अडकवून ठेवणें हें वेठबिगारींत मोडतें, आणि ती सन १९७६ च्या कायद्यानें बंद केलेली आहे. परदेशीं गेलेल्या लेकींच्या तक्रारींसाठीं राष्ट्रीय महिला आयोगांत सन २००९ पासून निराळा विभाग आहे.

पांचवें, मारणाऱ्या पुरुषास मंडळीनें पाठीशीं घालूं नये. त्यास प्रीतीनें पण स्पष्ट सांगावें कीं, जोंवर तुझा हात थांबला नाहीं, आणि तो थांबला असें तुझी बायको सांगत नाहीं, तोंवर प्रभूच्या मेजाशीं व पंचांच्या जागीं तुझें स्थान नाहीं. नुसते अश्रू म्हणजे पश्चात्ताप नव्हे. मलाखी संदेष्ट्यानें सांगून ठेविलें आहे कीं, जो आपल्या तारुण्यांतील पत्नीशीं विश्वासघात करितो, त्याचें अर्पण देव पाहत नाहीं. दारूनें हें केलें असें तो म्हणेल. दारूनें हात सैल होतो खरा. पण मुकादमास न मारतां तो घरीं येऊन बायकोसच मारितो, म्हणजे कोणास मारावें हें दारूंतही त्यास कळतें.

आणि भगिनी, हें वाचून दाखवितांना मागें बसून ऐकणारी तूं, तुझ्यासाठीं दोन शब्द. तुला मार बसतो तो तुझ्या पापाची शिक्षा नव्हे. तो तुझा वधस्तंभही नव्हे. प्रभूनें आपला वधस्तंभ स्वतः होऊन उचलिला, तुझ्यावर हा दुसऱ्यानें लादला आहे. तूं पळून आलीस तर तुला धर्म सोडणारी म्हणणारे चुकतात. हागार पळाली, आणि वाटेंत तिला देव भेटला.

ज्या बाईचा हात माझ्या उपदेशानें वांकडा झाला, ती आज आजी आहे. तिच्या वाडींतील बाया भट्टीवर निघतात, तेव्हां प्रत्येकीच्या पदराला ती एक चिठ्ठी बांधून देते. चिठ्ठीवर एक फोन नंबर असतो. तो नंबर तिनें माझ्याकडून मागून घेतला. मीं दिला, आणि तेव्हांपासून रात्रीं फोन उशाशीं ठेवून निजतों.

प्रार्थना

हे पाहणाऱ्या देवा, जिच्याकडे कोणी पाहत नाहीं तिला तूं पाहतोस. आम्हीं तुझें नांव घेऊन ज्यांस संकटांत परत लोटिलें, त्यांच्याविषयीं आम्हांस क्षमा कर. भट्टीवरच्या, परक्या खोलींतल्या, आणि समुद्रापलीकडच्या आमच्या बहिणींस राख. मारणाऱ्याचा हात आवर, आणि त्याचें हृदय मोड. आमचे डोळे उघड, म्हणजे विहीर कोठें आहे तें आम्हांस दिसेल, आणि तहानलेलीस तेथवर आम्हीं नेऊं. येशू ख्रिस्त आमचा प्रभु, ह्याच्या नांवानें मागतों. आमेन.